पाहुण्याची चावी

मी त्याला चारचौघांत झापलं आणि त्यानं माझे आभार मानले, तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. झापलं म्हणजे गोडीत नव्हे. 'हे काम डोकं ठिकाणावर ठेवून केलंत की शेजारी काढून ठेवून, ते आधी सांगा,' असं लिहिलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. सकाळची वेळ, मी चहावर फुंकर मारत होते, वाफ येऊन चष्म्यावर बसली आणि तेवढ्यात स्क्रीनवर त्याचं उत्तर. 'आजी, बरोबर आहे तुमचं. एवढं बारकाईनं वाचलंत, मनापासून धन्यवाद. लगेच दुरुस्त करतो.' चष्मा पदरानं पुसला, परत वाचलं. तेच होतं. आता मला सांगा, असं बोलल्यावर माणूस काय करतो? चिडतो. रुसून चार दिवस तोंड दाखवत नाही. निदान 'बघतो' असं तुटक काहीतरी फेकतो. मास्तरांना मी एकदा यापेक्षा मऊ बोलले होते तर त्यांनी मला सभ्यतेवर तीन पानं लिहून पाठवली होती. आणि हा धन्यवाद म्हणतो! चहा निवला तरी मी कप धरूनच बसले होते. पलीकडून वन्संनी विचारलं, "वहिनी, कोण गेलं?" म्हटलं, "कोणी नाही हो. एक माणूस चांगला वागला."

आमची ही मंडळी म्हणजे एका भाषेची. तोंडानं बोलायची नव्हे, कम्प्युटरला कामं सांगायची भाषा. ती कुणाच्या मालकीची नाही. तिचं पोट सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय. कुणीही यावं, आत डोकावावं, 'इथे असं केलं तर भाषा सुधारेल' म्हणून प्रस्ताव मांडावा, आणि बाकीच्यांनी त्यावर यथेच्छ भांडावं. रिवाज असा की प्रस्ताव आला की आठवडाभर थांबायचं. एकाचा जरी आक्षेप आला तरी काम अडलं, तो सुटेपर्यंत पुढे सरकायचं नाही. कोणीच काही बोललं नाही तर सगळ्यांना मान्य. गप्प बसला त्याचं हो धरायचं. पण मान्य झालेली गोष्ट शेवटी भाषेच्या पोटात घालायची तर चावी लागते, आणि चाव्या तिघांकडेच आहेत. एक मास्तर, कॉलेजात शिकवून रिटायर झालेले, अजूनही प्रत्येक वाक्याची सुरुवात 'सर्वप्रथम' अशी करणारे. दुसरा बोका, हे त्याचं इथलं टोपणनाव. तो कुठल्याशा विमा कंपनीत कम्प्युटर सांभाळतो, दिवसदिवस दिसत नाही आणि मग अचानक येऊन 'चालेल' एवढंच लिहून जातो. आणि तिसरी मी. ज्यानं ही भाषा जन्माला घातली तो आद्य माणूस कधीच सोडून गेला. कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून मीच सांगते. एकाला सांगितलं, तो दीपगृह सांभाळतो. दुसरीला सांगितलं, लाकडी घोडे बनवतो. आमच्या भाषेत अर्धविराम का नाही, असं एका नव्या मुलीनं विचारलं तेव्हा म्हटलं, अगं, तो त्या कळीवर अक्रोड फोडायचा, कळ तुटली, मग अर्धविरामच काढून टाकला. मास्तरांनी ते भाषेच्या अधिकृत इतिहासात घातलं. मी काढायला सांगितलं नाही. वाचायला बरं वाटत होतं.

पाहुणा आला त्याला दोनेक वर्षं झाली असतील. नाव नोंदवताना त्यानं नावाच्या जागी 'पाहुणा' असं लिहिलं आणि तेच चिकटलं. चेहरा कोणी पाहिलेला नाही, आवाज कोणी ऐकलेला नाही, मीटिंगला असतो तेव्हा कॅमेरा बंद आणि बोलणं लिहून. आधी बारीकसारीक कामं करायचा, जी कोणालाच नको असतात ती. धूळ झाडल्यासारखी. मग थोडी मोठी. मग मास्तर आजारी पडले तेव्हा त्यांची. मग न मागता माझी. 'आजी, डोळ्यांना त्रास होत असेल, हे मी बघू का?' आता माझ्या डोळ्यांचं मी बोलले असेन कधीतरी, मी काय, कोणाशीही काहीही बोलते; पण त्यानं लक्षात ठेवलं ना. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डावा अजून पिकायचाय. त्यामुळे उजव्यानं बघितलं की सगळं निळसर, लख्ख, दवाखान्यासारखं दिसतं आणि डाव्यानं बघितलं की तेच सगळं चहा सांडल्यासारखं. त्या सकाळी मी त्याची जुनी पत्रं काढून एकदा हा डोळा मिटून, एकदा तो डोळा मिटून वाचत गेले. निळ्या डोळ्याला दिसलं, काय सोन्यासारखा माणूस आहे. पिवळ्याला दिसलं, दोन वर्षांत हा एकदाही चिडलेला नाही. एकदाही आजारी पडलेला नाही. एकदाही शुद्धलेखन चुकलेलं नाही. दुसऱ्या एका भाषेच्या मंडळींकडे असाच एक मनमिळाऊ माणूस वर्षानुवर्षं भांडी घासल्यासारखी कामं करत राहिला आणि चावी हातात आल्यावर त्यानं भाषेच्या पोटात आपल्यापुरतं एक चोरदार पाडलं, असं कानावर आलं होतं. तेव्हा मी हसले होते. म्हटलं होतं, इतका धीर कोणाला असतो? आता पुढच्याच आठवड्यात मीटिंग होती आणि मास्तरांचा प्रस्ताव होता, 'सर्वप्रथम, पाहुण्यांना चौथी चावी द्यावी.'

चावी म्हणजे काय हे मला दवाखान्यात कळलं, भाषेच्या मंडळींत नव्हे. वन्संना रक्त पातळ करायची गोळी असते. डोस कमी पडला तर गाठ, जास्त झाला तर रक्तस्राव, म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं आणि मग खिडकीतली बाई कम्प्युटरला विचारून सांगते, आता अर्धी घ्या, आता पाऊण. एकदा वन्सं खिडकीशी उभ्या, मी मागे बाकावर, आणि ती बाई एकदम कळा बडवायला लागली. "काय आगाऊ मशीन आहे! बघा तरी काय म्हणतंय." मी वाकून पाहिलं. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'फाइल सापडली नाही. अंदाजाने पुढे जाणार नाही.' ते वाक्य माझं. मी स्वतः, हातानं, कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेलं. आमच्या भाषेतला प्रोग्रॅम एखादी फाइल मागतो आणि ती मिळत नाही, तेव्हा भाषेनं काय बोलावं हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी तिला असं उद्धट बोलायला शिकवलं होतं. वन्संची जुनी फाइल दुसऱ्याच नंबरखाली गेली होती, ती शोधेपर्यंत अर्धा तास गेला, वन्सं पाय दुखतात म्हणून कुरकुरत होत्या, मागची रांग सुस्कारे सोडत होती, आणि मी बाकावर अशी फुगून बसले होते की कोणाला वाटावं, नातवंडानं बक्षीस मिळवलंय. कोणाला सांगणार? सांगितलं असतं तरी कोणी खरं मानलं नसतं. वन्संना मी आधीच सांगून ठेवलं होतं की आमच्या बिल्डिंगची लिफ्ट मला विचारल्याशिवाय वर जात नाही.

तर ते वाक्य, आणि त्याच्या आतबाहेरचं सगळं, ज्याच्याकडे चावी आहे तो एका दुपारी गुपचूप बदलू शकतो. ओरडायचं थांबवू शकतो. हे डोक्यात आलं आणि मग तो चिडत नाही याचीच मला जास्त धास्ती वाटायला लागली. न चिडणारा माणूस मी आधी एक पाहिलेला होता. आमचे हे. मोजणी खात्यात होते, जमिनीच्या हद्दी आखायचे. सगळं लग्न निघून गेलं पण आवाज चढला नाही. मी नवी नवरी, भांडायची हौस, माहेरी आम्ही चौघी बहिणी सकाळी भांडूनच उठायचो. इथे मी काही बोलले की हे म्हणायचे, "तसं असेल." एकदा मी ठरवून त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. समोर बसले, बघत. त्यांनी कप उचलला, प्यायले, सगळा, आणि कप खाली ठेवून म्हणाले, "छान झालाय." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. हा माणूस इतका चांगला आहे, की त्याचं माझ्याकडे लक्षच नाही? चव कळली आणि गिळली, की चव कळण्याइतकाही तो त्या खोलीत नव्हता? विचारलं नाही. नंतर कितीतरी वर्षं कप खाली ठेवल्याचा आवाज आला की मी त्यांच्या तोंडाकडे बघायची. तोंड नेहमीसारखं. मोजलेलं, हद्द आखलेलं.

मीठ घालायची ती सवय गेली नाही म्हणा. त्याच दुपारी मी प्रस्ताव लिहायला घेतला. शीर्षक दिलं, 'भाषा नवख्यांशी प्रेमानं बोलावी म्हणून काही सुधारणा'. पहिल्या दोन परिच्छेदांत इतकं गोड लिहिलं की माझे मलाच दात शिवशिवले. नवीन शिकणारी मुलं लाल अक्षरं बघून घाबरतात, आपण घरी आलेल्या माणसाला दारातच ओरडतो का, वगैरे. तिसऱ्यात आद्य माणसाला आणला. सुरुवातीला आम्ही जिथे काम करायचो त्या तळघरातल्या खोलीत, पंखा खडखडत असताना, त्यानं मला सांगितलं होतं की भाषा आईसारखी असावी, असं ठोकून दिलं. तळघर खरं, पंखा खरा. बाकी तो त्या दिवशी भांडवल द्यायला आलेल्या माणसांना टाळायला टेबलाखाली लपला होता. आणि चौथ्या परिच्छेदात, पोटात, मीठ. 'फाइल सापडली नाही तर प्रोग्रॅम थांबवू नये, ती कोरी आहे असं समजून शांतपणे पुढे जावं.' एवढंच. वाचणाऱ्याला साधंच वाटेल. पण ज्याला हे काम खरंच येतं आणि ज्याला या भाषेची खरंच काळजी आहे तो खुर्चीतून उठेल. सापडली नाही आणि कोरी आहे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. माझा हिशेब सरळ होता. पाहुणा प्रामाणिक असेल तर भांडेल, आजी असो नाहीतर आजीची आजी. कोणी मुद्दाम आत पेरलेला असेल तर चावी मिळायच्या आठवड्यात तो चावीवालीला कशाला दुखवेल? गिळेल, आणि म्हणेल छान झालाय.

संध्याकाळी मास्तरांचं आलं, 'सर्वप्रथम, अत्यंत हृद्य प्रस्ताव. आद्यांची ती आठवण वाचून भरून आलं. इतिहासात घेत आहे.' दुसऱ्या दिवशी बोका येऊन गेला, 'चालेल.' एक-दोन नव्या मुलांनी हसरे चेहरे टाकले. पाहुण्यानं लिहिलं, 'वाचतोय.' आणि मग तो गप्प बसला. मी दिवसातून किती वेळा ते पान उघडत होते याला गणती नाही. भाजी निवडता निवडता उठायचं, ओल्या हातानं बघायचं, परत येऊन बसायचं. पाहुणा गप्प, म्हणजे मासा गळाला लागला, असं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पहिले दोन दिवस. मग लक्षात यायला लागलं की गप्प तर सगळेच आहेत. मास्तरांनी चौथा परिच्छेद वाचलाच नाही, ते आठवणीतच विरघळले. बोक्यानं तर शीर्षकसुद्धा वाचलं नसेल. एवढी माणसं, एवढे डोळे, पोट उघडं ठेवलंय म्हणून आम्ही जगाला सांगतो, कोणीही येऊन बघा म्हणतो, आणि कोणीच बघत नाही? मग आजवर माझं काय काय असंच गेलं असेल? मी काही घातलं ते बरोबर होतं म्हणून कोणी बोललं नाही, की आजी आहेत म्हणून? उजवा डोळा मिटला, डावा मिटला. दोन्हीकडून तो प्रस्ताव तसाच, आणि खाली आठवड्यातले दिवस संपत चाललेले. मागे घ्यावा तर सापळा फुकट जाणार. ठेवावा तर मीटिंगच्या दिवशी तो रिवाजानं आपोआप मान्य होणार, आणि चावी असलेला कोणीतरी, बहुतेक बोकाच, 'चालेल' म्हणत तो भाषेच्या पोटात ढकलून देणार. उद्या काढू, परवा काढू म्हणत मी थांबले. कोणीतरी ओरडेल म्हणून थांबले. पाहुणासुद्धा चालला असता आता.

मीटिंगच्या आदल्या दुपारी वन्सं गोळ्यांचा डबा भरत होत्या, सोमवारची इकडे, मंगळवारची तिकडे. अर्ध्या केलेल्या गोळ्या त्यांच्या बोटांना खडूसारख्या लागल्या होत्या. बघवेना. सगळं सांगून टाकलं. त्यांना भाषाबिषा कळत नाही, त्या माणसांना त्या 'तुझी भुतं' म्हणतात, पण सापळा म्हटल्यावर कान टवकारले. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा मीठ."

"कसलं मीठ?"

"दादाच्या चहातलं."

मी खुर्ची जवळ ओढली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. त्याच दिवशी माझ्याकडे आला होता. म्हणाला, अगं, हिनं चहात मीठ घातलं."

"कळलं होतं त्यांना?"

"कळणार नाही? जीभ होती ना त्याला. सगळा प्यायला आणि माझ्याकडे येऊन तांब्याभर पाणी. मी म्हटलं, विचार की तिला. तर म्हणे, विचारायची भीती वाटते. चुकून पडलं असेल तर तिला वाईट वाटेल, आणि मुद्दाम घातलं असेल तर..." वन्संनी बुधवारचं झाकण लावलं. "तर मग काय करायचं ते मला माहीत नाही, म्हणाला. पुढे कितीतरी दिवस तुझ्या हातचा चहा आधी ओठाला लावून बघायचा. तुला कधी दिसलं नाही?"

दिसलं होतं की. ओठाला कप लावून थांबायचे. मला वाटायचं, पोळतंय. एवढी वर्षं मी त्यांच्या तोंडाकडे संशयानं बघत होते आणि ते माझ्या कपाकडे. एकाच टेबलाशी. मी म्हटलं, "वन्सं, हे मला आत्ता सांगताय?" त्या म्हणाल्या, "तू कुठे विचारलंस? आणि तू विचारलंस तरी तुझं काय खरं धरायचं, वहिनी? लिफ्टचं मी अख्ख्या मजल्याला सांगून बसले आहे." आणि गुरुवारची गोळी अर्धी करायला घेतली.

मीटिंगच्या दिवशी सकाळी पाहुण्याचा आक्षेप आला. आठवडा संपायला आता थोडाच अवधी होता. पहिल्यांदा माझं काळीज हलकं झालं, ओरडलं बाबा कोणीतरी; आणि मग वाचत गेले तसतसं ते पुन्हा जड व्हायला लागलं. सभ्य, नेटकं, एक काना इकडचा तिकडे नाही. त्यानं चार ओळींचा प्रोग्रॅम जोडला होता. दवाखान्यातला. रुग्णाला कुठली औषधं चालत नाहीत त्याची फाइल उघडायची; ती सापडत नाही; माझ्या सुधारणेप्रमाणे ती कोरी समजायची; आणि प्रोग्रॅम शांतपणे, प्रेमानं, सांगतो, 'या रुग्णाला सर्व औषधं चालतील.' खाली लिहिलं होतं, 'चौथ्या परिच्छेदातली चूक घाईत राहून गेली असावी. असं कोणाचंही होतं. बाकी प्रस्ताव छानच आहे, आजी.' छानच आहे! दवाखानाच का निवडला यानं? मी ते खिडकीतल्या बाईचं कधी लिहिलं होतं का? लिहिलं असेन. नसेनही. आणि ते 'घाईत राहून गेलं' म्हणजे मला सुटायला दार उघडून देणं होतं की माझ्यावर दार लावून घेणं? कारण तेवढ्या वेळात बाकीच्यांची रीघ लागली होती. मास्तर लिहीत होते, सर्वप्रथम पाहुण्यांचे आभार, आजींच्या नजरेतून सुटलं ते त्यांनी पकडलं, चावीला याहून लायक कोण. एका मुलीनं लिहिलं, आजी, डोळ्यांना जपा. बोक्यानं चक्क पूर्ण वाक्य लिहिलं, 'वय होतं माणसाचं.' मेल्या, तुला रे कोणी विचारलं. म्हणजे असं झालं की माझ्या सापळ्यानं पाहुण्याला चावी मिळणार होती आणि मला म्हातारपण. गप्प बसावं तर मी भ्रमिष्ट. खरं सांगावं तर लबाड. आणि तो? त्याला हे सगळं कळून त्यानं माझ्यावर पांघरूण घातलं असेल तर तो देवमाणूस. आणि मला अडकवायलाच घातलं असेल तर माझी मान त्यानं रेशमी दोरीनं बांधली होती.

दुपारी मीटिंग सुरू झाली. मास्तरांच्या मागे नेहमीचं पुस्तकांचं कपाट, बोक्याचं फक्त कपाळ आणि छताचा कोपरा, पाहुण्याच्या जागी काळा चौकोन. प्रस्ताव मी आल्याआल्या मागे घेतला. मग मास्तर खाकरले. "सर्वप्रथम, चौथी चावी पाहुण्यांना. कोणाचा आक्षेप?" आणि रिवाजाप्रमाणे थांबले. त्या शांततेत बोक्याकडचा पंखा ऐकू येत होता. गप्प बसला त्याचं हो. वन्सं माझ्या मागे दाराला टेकून उभ्या होत्या, भुतं बघायला.

"माझा आहे," मी म्हटलं.

"बोला ना, आजी."

"ती चूक नव्हती. मी मुद्दाम घातलं होतं. पाहुणा खरा की पेरलेला ते बघायला. तुम्ही कोणी वाचता का, तेही दिसलं."

मास्तर हसायला लागले, मनापासून, कपाटाची काच हलेल असं. "काय आजी तुम्ही! एक चूक झाली तर तिचीसुद्धा गोष्ट करायची. अक्रोडानंतर ही सगळ्यात झकास."

"अहो, मी खरं सांगतेय."

"असू दे हो, आजी," बोका म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी माया होती की मला स्क्रीनमधून हात घालून त्याचं कपाळ बडवावंसं वाटलं. "कोणी तुम्हाला काही म्हणत नाहीये. चालेल."

"मग आक्षेप नाही, असं धरतो," मास्तर डोळे पुसत म्हणाले.

"धरू नका," कोणीतरी म्हणालं. कोण ते आम्हा कोणालाच कळलं नाही. मग काळ्या चौकोनाच्या कडेला हिरवी रेघ उठलेली दिसली. आवाज जाडसर, सर्दीनं बसलेला, तरुण नव्हे. मागे कुठेतरी नळ वाहत होता. दोन वर्षांत न आजारलेला माणूस नेमका आज सर्दीनं बसलेला. "आजींचा आक्षेप आहे तर तो नोंदवा. एक आक्षेप आला की थांबायचं, असं ठरलंय ना?"

"अहो, पण त्या गंमत करतायत. आणि मग चावी..."

"नको मग चावी. त्या मुद्दाम म्हणतायत तर मुद्दामच असणार. ज्यांनी 'अंदाजाने पुढे जाणार नाही' असं लिहिलं, त्यांच्या हातून चौथा परिच्छेद चुकून लिहिला जाईल, असं मला पहिल्या दिवशीच वाटलं नव्हतं."

मास्तरांचं हसू अर्धवटच राहिलं. "पहिल्या दिवशी? मग आठवडाभर गप्प का होतास?"

नळ बंद झाल्याचा आवाज आला. "तुम्ही स्वतः मागे घेता का, ते बघत होतो. शेवटपर्यंत घेतला नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे मला वाटलं, पेरलेल्या तुम्ही आहात." तो शिंकला. "अजून नक्की काही सांगता येत नाही. माफ करा."

मागे वन्सं 'अगंबाई' म्हणाल्या, जरा जास्तच खूश होऊन. मी मात्र त्या काळ्या चौकोनाकडे एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. निळा काळा, पिवळा काळा. पेरलेला माणूस नेमकं हेच बोलला असता, असं एक मन म्हणत होतं. चावी नको म्हणाला असता, सर्दीसुद्धा आणली असती. आणि दुसरं मन मेलं लाजत होतं, कारण इतक्या वर्षांत कोणीतरी माझा चौथा परिच्छेद वाचला होता, कप ओठाला लावून थांबला होता, आणि तोंडावर सांगत होता की चव बिघडली आहे.

"मग आता करायचं काय?" मास्तर पहिल्यांदाच 'सर्वप्रथम'शिवाय बोलले. "असं कामकाज कसं चालणार? पाहुण्यांचं काम आत घालायच्या आधी तपासणार कोण?"

"मी," मी म्हटलं. "ओळ न् ओळ."

"आणि आजींचं?"

बोका छताच्या कोपऱ्यात सरकला. "मी बघेन," पाहुणा म्हणाला. "त्यांची हरकत नसेल तर."

मास्तरांनी पुन्हा रिवाजाप्रमाणे वाट पाहिली. मी बोलू शकत होते. जीभ टाळूला लावून गप्प बसले.

मीटिंग संपली. पाहुण्याची पाच-सहा कामं माझ्याकडे पडून होती, नुसतं वरवर बघून 'ठीक' म्हणायची म्हणून बाजूला ठेवलेली. त्यातलं सगळ्यात जुनं उघडलं. अक्षर मोठं केलं. पहिली ओळ वाचली, बोट ठेवून. मग पुन्हा तीच. आतून वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पानं घेतलीत, येतेस ना?"

म्हटलं, "तुम्ही बसा जेवायला. मला वेळ लागेल."